गाळलेली ओळ

झालं ते एवढंच. प्रार्थना चालू होती, नेहमीचीच, लहान पोरांनाही पाठ असलेली. पाहुणे पाळक डोळे मिटून मंडळीच्या सुरात सूर मिळवून म्हणत होते, आणि आम्ही दुसऱ्यांना माफ केलं आहे असं देवाला सांगणारी जी ओळ येते, तिथं अख्खी मंडळी गपकन थांबली. पाळकांचा आवाज मात्र चालत्या बसमधून उतरलेल्या माणसासारखा चार पावलं पुढे धावत गेला. आवाज आधीच भरदार, त्यात चर्चचं छत उंच. वर जाऊन तो परत आला, आणि परत आलेला आपलाच आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले. समोर दीडशे माणसं, सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि सगळ्यांचे ओठ बंद. मग कुणीतरी खूण केल्यासारखी सगळी एकदम पुढच्या ओळीवर चालू झाली आणि प्रार्थना ठरल्या जागी जाऊन संपली. कुणी हसलं नाही, कुणी कुणाला कोपर मारलं नाही. पहिल्या बाकावर पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या, त्यांनी तेवढी मान वर करून पाळकांकडे नीट पाहून घेतलं, आणि पुन्हा मांडीवरच्या हातांकडे पाहू लागल्या.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काय विचित्र माणसं ही, प्रार्थनेतली ओळच खातात! पाळकांच्या मनात तसलं काही आलंच नाही. ओळ मंडळीनं गाळलेली नाही, आपणच कुठली तरी भलतीच ओळ भलत्या ठिकाणी घुसडली, असं त्यांना वाटलं. कारण गेले सहा महिने हे असंच चाललं होतं. आधी कात्री गेली. म्हणजे कात्री होती खणातच, तिचं नाव गेलं. ‘अगं, ते दे ना, ते कापायचं,’ असं ते बायकोला म्हणाले आणि तिनं काही न बोलता कात्री आणून दिली. मग एका माणसाला मूठमाती देताना त्याचं नाव जिभेवर येईना. शेवटपर्यंत ‘हा आपला भाऊ, हा आपला भाऊ’ करत त्यांनी वेळ मारून नेली, आणि वर मयताची बायको येऊन म्हणाली, ‘पाळकसाहेब, किती आपुलकीनं बोललात हो, अगदी सख्ख्या भावासारखं.’ सख्खा भाऊ! त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. डॉक्टरकडे जायचं म्हणून दोनदा घरातून निघाले आणि दोनदा बागेत बसून परत आले. डॉक्टर काय सांगणार ते त्यांना ठाऊक होतं. वडिलांचं सगळं डोळ्यांदेखत घडलं होतं. तेव्हा त्यांनी स्वतःशीच एक पैज लावली. या मंडळीच्या पाळकांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि एका रविवारपुरता उपदेशाला कुणीतरी हवा होता. जागा अनोळखी, माणसं अनोळखी, हातात कागद घ्यायचा नाही. इथं धड पार पडलो तर मला काही झालेलं नाही, निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं सुखानं काढीन. नाही पार पडलो, तर टेबलाच्या खणात राजीनामा लिहून ठेवलाय, तो सोमवारी देऊन टाकीन. कुणीतरी येऊन हाताला धरून खाली उतरवण्याआधी आपण आपल्या पायांनी उतरलेलं बरं. बायकोला यातलं त्यांनी अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिनं सकाळी त्यांच्या कोटाच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी घातली, ही एवढ्या मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेली. हिचे डोळे अधू व्हायला लागले, चष्मा लावायला हवा, असं ते मनाशी म्हणाले होते.

तसं सकाळपासूनच सगळं तिरकं चाललं होतं. मंडळीचे एक पंच घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळवालेच म्हणत. ते बसथांब्यावर घ्यायला आले होते. जन्मभर भिंग लावून बसल्यामुळे त्यांचा एक डोळा बारीकच राहिला होता, त्यामुळे ते काहीही बोलले तरी थट्टा करताहेत असं वाटायचं. ‘आमच्याकडे जरा निराळं असतं हं, पाळकसाहेब,’ एवढं ते म्हणाले, पण निराळं म्हणजे काय ते सांगितलं नाही. घरच्या माणसाला घरातलं निराळं कुठं दिसतं! पाळकांच्या स्वतःच्या मंडळीत माणसं शेवटच्या बाकापासून भरत येतात, पुढे बसायची वेळ आली की प्रत्येकाला कुणाची तरी वाट बघायची असते. इथं पहिला बाक आधी भरला. घंटा नाहीच, घड्याळवाल्यांनी बोटांच्या पेरांनी बाकावर तीनदा टकटक केलं, की सगळी चिडीचूप. गीत सुरू झालं म्हणून पाळक सवयीनं उठून उभे राहिले, तर मंडळी आपली निवांत बसून गातेय. ते बसले. मग सूचना सुरू झाल्या, दुपारी नळाला पाणी नाही, कोपऱ्यावरच्या आजींचं प्लास्टर निघालं, तर मंडळी उठून उभी राहिली आणि हात बांधून सूचना ऐकू लागली. पाळक पुन्हा उठायला गेले तोवर सूचना संपल्या आणि ते गुडघ्यांत वाकून तसेच अधांतरी राहिले. एरवी त्यांना हसू आवरलं नसतं. घरी गेल्यावर बायकोला सगळं करून दाखवलं असतं, आणि ती ‘पुरे हो, देवाघरची थट्टा करू नका’ म्हणत पदर तोंडाला लावून हसली असती. पण आता प्रत्येक वेळी मनात एकच: गीताला उभं राहायचं असतं ना? का बसायचं असतं? आपल्याकडे काय करतात? आणि काय सांगावं, आपल्याकडे काय करतात हेही क्षणभर धड आठवेना. छत्तीस वर्षं जे अंगात मुरलेलं, त्याला नुसतं बोट लावून पाहिलं तर ते पडायला आलेल्या दातासारखं हलायला लागलं. ही माणसं वेगळी आहेत की मीच वेगळा झालोय, हे विचारायचं तरी कुणाला? आणि विचारून त्यांनी खरं सांगितलं तर?

तेवढ्यात ती प्रार्थना झाली, ती ओळ झाली, आणि घड्याळवाले उठले. त्यांनी एक स्टूल ओढलं, त्यावर चढून पुलपिटाच्या समोरच्या भिंतीवरचं मोठं गोल घड्याळ खिळ्यावरून उचललं, आणि तोंड भिंतीकडे करून पुन्हा अडकवून दिलं. घड्याळाची पाठ, तिच्यावरचं गंजलेलं झाकण, एक जुनी चिकटपट्टी. ‘उपदेशाला वेळ लावायची नाही अशी आमच्याकडे पद्धत आहे,’ ते खाली उतरत पाळकांच्या कानाशी कुजबुजले. ‘खुशाल बोला.’ पुलपीट म्हणजे तीन पायऱ्यांवरचा एक लाकडी कठडा, कमरेपर्यंतचा. पाळक चढले. तिन्ही पायऱ्या करकरल्या. कठड्याची वरची फळी शेकडो हातांनी गुळगुळीत झाली होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवले आणि हातांना ती ओळखीची वाटली. सगळ्या पुलपिटांच्या फळ्या अशाच असतात. वडिलांच्याही पुलपिटाची अशीच होती, फक्त उजव्या बाजूला तिला एक चीर होती, आणि बोलताना बाबांचा अंगठा त्या चिरेवरून सारखा पुढे-मागे फिरायचा.

उपदेश दारावरचा होता. हा त्यांचा हातखंडा. झोपेतून उठवून बोलायला सांगितलं तरी बोलले असते. ‘दारापाशी चार माणसं असतात,’ त्यांनी सुरुवात केली. ‘चौघांना ओळखा म्हणजे माणूस ओळखाल.’ पहिला दार वाजवणारा. त्याच्यावर ते छान बोलले, घड्याळवाल्यांच्या तीन टकटकींचा त्यांनी जाता जाता उल्लेखही केला, आणि मंडळीत खसखस पिकली. अनोळखी लोकांना हसवता आलं की उपदेशकाचे पाय जमिनीला लागतात. दुसरा दार उघडणारा. तोही झाला. आवाज लागला, वाक्यं आपोआप एकामागून एक येऊ लागली, आणि मनाच्या मागच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, बघ, उगीच भीत होतास. काही झालेलं नाही तुला. सोमवारी तो कागद फाडून टाक. तिसरा दारात उभा राहणारा, धड आत नाही धड बाहेर नाही. यालाच फार लोक धार्मिक समजतात, असं ते म्हणायचे, आणि तसं ते म्हणाले. पुढच्या बाकावरच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी मान डोलावली. ‘आणि चौथा,’ पाळक म्हणाले, ‘चौथा माणूस म्हणजे…’

म्हणजे कोण?

काही नव्हतं तिथं. जिभेवर आलेला शब्द निसटतो तसं नव्हे, तिथं निदान निसटल्याचं तरी कळतं. इथं चौथा माणूस असतो, एवढंच राहिलं होतं आणि माणूस गेला होता. पाळकांनी सवयीनं भिंतीकडे पाहिलं, दोन सेकंद झाले की दहा ते बघायला, तर घड्याळाची पाठ. त्यांनी मंडळीकडे पाहिलं. आणि हे काय? माणसांनी डोळे मिटले होते. एकामागून एक, शांतपणे, जणू हे व्हायचंच होतं. गप्प बसायची सवय असलेली मंडळी ती. पाळक थांबले म्हणजे आपणही थांबायचं असणार, असं तिनं धरलं. दीडशे माणसं त्यांच्याबरोबर थांबली आणि त्यांच्याकडे बघायला कुणी उरलं नाही. अरे, कुणीतरी डोळे उघडा, त्यांनी मनात म्हटलं. मी थांबलेलो नाही. अडकलोय.

बाबाही असेच थांबले होते. त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा पाळक छत्तीस वर्षांचे, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढून नुकतीच स्वतःची मंडळी मिळालेले, त्या रविवारी मुद्दाम बाबांचा उपदेश ऐकायला म्हणून आलेले आणि पुलपिटाच्या बाजूच्या खुर्चीवर बसलेले. बाबा बोलता बोलता थांबले. अंगठा चिरेवर फिरत राहिला. लोकांना आधी वाटलं, श्वास घेताहेत. मग वाटलं, पाणी हवंय. मग कुणाला काय वाटावं ते कळेना; एक बाई खोकली, एक पोर ‘आई, काय झालं’ म्हणालं. आणि मागच्या बाकावरून दादा उठला. दादा प्लंबर; चर्चमध्ये यायचा तोही कामावर निघताना वाटेत, हत्यारांची पिशवी बाकाखाली ठेवून. त्याचे ते जाड तळव्यांचे बूट मधल्या वाटेवरून धप धप करत पुढे आले. तो पुलपीट चढला. ‘चला बाबा,’ म्हणाला, दंडाला धरलं आणि सगळ्या मंडळीदेखत चालत्या उपदेशातून वडिलांना खाली उतरवून घेऊन गेला. धाकट्याच्या कानशिलांत आग पेटली. चाळीस वर्षं ज्या माणसानं त्या पुलपिटावरून लोकांची लग्नं लावली, लेकरांची नावं ठेवली, मयतं केली, त्याला हा बाजारातून हरवलेलं पोर न्यावं तसं घेऊन जातो? बाहेर अंगणात दोघांची जुंपली. ‘दोन मिनिटं थांबला असतास तर आठवलं असतं त्यांना!’ धाकटा ओरडला. दादा शांतपणे म्हणाला, ‘आणि नसतं आठवलं तर?’ ‘देवाचं काम आहे ते, तुझा तुंबलेला नळ नाही!’ हे वाक्य धाकट्यानं टाकलं आणि ते पडलं ते पडलंच. त्यानंतर बाबा चार वर्षं त्यांच्याच घरात, दादाजवळ होते. दादानं त्यांचं सगळं केलं, हगणं-मुतणंसुद्धा. पाळक भेटायला जायचे ते दादा कामावर असताना. वहिनी दार उघडायची आणि चहा ठेवायची. बाबांच्या मातीच्या दिवशी दोघं भाऊ खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होते. एकाच शहराच्या दोन टोकांना राहून बावीस वर्षांत बोलणं नाही. आणि या बावीस वर्षांत पाळकांनी रविवारच्या रविवार ती ओळ म्हटली होती, भरदार आवाजात, इतरांना सूर धरून देत. एकदाही अडखळले नव्हते.

आता ते त्याच जागी उभे होते आणि कुणी उठत नव्हतं. त्यांना वाटलं, बाकांमधल्या वाटेवर बूट वाजावेत. धप, धप. कुणाचेही असोत, चिखलाचे असोत. कुणीतरी यावं, दंडाला धरावं आणि ‘चला’ म्हणावं, एवढा एकच शब्द. अब्रू, पुलपीट, छत्तीस वर्षं, सगळं बाजूला राहू दे, मला इथून घेऊन चला. ही इच्छा इतकी उघडीवाघडी होती की त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या लाजेत त्यांना बाबांचा चेहरा दिसला. दादा पुलपीट चढला तेव्हाचा. बाजूच्या खुर्चीवरून तो फक्त त्यांनाच दिसला होता. मंडळीला दादाची पाठ दिसली असणार. बाबा हसले होते. शाळा सुटून बराच वेळ झाल्यावर, सगळी मुलं निघून गेल्यावर, फाटकात घरचं माणूस दिसल्यावर लहान मूल हसतं, तसं. दादा येताना दिसला आणि बाबांचा अंगठा चिरेवरून उचलला गेला. हे पाळकांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि त्याच दिवशी अंगणात भांडता भांडता कुठंतरी पुरून टाकलं होतं. हल्ली नको ते विसरायला होतं म्हणून ते घाबरत होते, आणि हे तर केव्हाच विसरलेलं, धडधाकट असताना, स्वतःच्या सोयीनं!

किती वेळ गेला देव जाणे. घड्याळ भिंतीशी बोलत होतं. शेवटी पाळकांच्या तोंडून जो एकच शब्द खात्रीनं निघेल तो निघाला: ‘आमेन.’ ‘आमेन,’ मंडळी म्हणाली, आणि डोळे उघडले. कुणाकुणाचे ओले होते. पाळक कठड्याला धरून तीन पायऱ्या उतरले. पैज हरलो, हे त्यांना कळलं होतं. त्यांच्याशिवाय ते तिथं कुणालाच कळलेलं नव्हतं, असं त्यांना वाटलं. उलट, बाजूच्या खोलीत चहा चालू झाला तसे लोक रांग लावून हात हातात घ्यायला येऊ लागले. ‘काय थांबलात हो पाळकसाहेब!’ घड्याळवाले म्हणाले, आणि त्यांचा बारीक डोळासुद्धा मोठा झाला. ‘चौथा माणूस म्हणजे… आणि बस! ज्याचा त्यानं ओळखावा. आमच्याकडे एवढं कुणी थांबलेलं नाही आजवर. नाही तर उपदेशक म्हणजे एकदा सुरू झाला की नळ गळतो तसा.’ पाळकांनी कप खाली ठेवला. त्यांना हसावं की रडावं कळेना. ‘आणि ती ओळ!’ घड्याळवाले आवाज खाली आणून म्हणाले. ‘ती म्हणालात तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस वेगळा आहे.’

‘कुठली ओळ?’

‘माफीची. आम्ही ती म्हणत नाही ना.’ मग त्यांनी सगळं सांगितलं. पूर्वी, त्यांच्या लहानपणी, या मंडळीत जबरदस्त भांडण झालं. कशावरून? ते आता कुणाला आठवत नाही. खिडक्यांवरून झालं म्हणे, कुणी म्हणतं बाजाच्या पेटीवरून. निम्मे लोक उजवीकडे बसायचे, निम्मे डावीकडे, आणि नमस्कार बंद. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी एका रविवारी निक्षून सांगितलं, ज्यानं खरंच माफ केलं नसेल त्यानं ती ओळ म्हणू नये, देवाशी तरी खोटं बोलू नका. पुढच्या रविवारी प्रार्थना त्या ओळीवर आली आणि अख्खं चर्च गप्प. ‘तेव्हापासून गप्पच,’ घड्याळवाले म्हणाले. ‘भांडण मिटलं, माणसं गेली, पद्धत राहिली. अधूनमधून कुणीतरी म्हणतं. ज्याचं खरंच सुटलं तो म्हणतो, एकटा, सगळ्यांदेखत. आणि मग जाताना दारात नर्सबाई त्याला विचारतात, कोणाला? तो त्यांच्या कानात नाव सांगतो, त्या ते कुणाला सांगत नाहीत.’ म्हणजे त्यांचं डोकं ठिकाणावर होतं! ओळ बरोबर होती, जागा बरोबर होती, गाळलेली मंडळीनं होती. केवढा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण आता भलतंच होऊन बसलं होतं. आठवण बरोबर निघाली आणि माणूस खोटा निघाला.

नर्सबाई म्हणजे त्या पहिल्या बाकावरच्या पांढऱ्या केसांच्या बाई. चहाही आटोपून माणसं पांगली होती. त्या मोठ्या दारापाशी काठी टेकून उभ्या होत्या, बाहेर उतरणाऱ्या दगडी पायऱ्या उन्हात पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पाळक जवळ आले तसा त्यांनी हात पुढे केला आणि कान जवळ आणला. ‘कोणाला?’

‘बाई, मला ठाऊक नव्हतं तुमची पद्धत,’ पाळक म्हणाले. ‘मी चुकून म्हणालो.’

‘चुकूनच म्हणतात सगळे. ठरवून कोण म्हणतंय?’

बाईंनी त्यांचा हात सोडला नाही. दोन बोटं मनगटावर गेली होती, सवयच ती. ‘चार म्हणालात आणि तीनच सांगितलेत,’ त्या म्हणाल्या. ‘मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली आहेत पाळकसाहेब. थांबलेला माणूस कुठला आणि अडकलेला कुठला, ते कळतं मला.’

इतका वेळ जे कुणाला कळू नये म्हणून जपलं ते असं दारात उभ्या उभ्या कुणीतरी हातावर ठेवलं. पाळकांना राग यायला हवा होता. ते लहान मुलासारखे म्हणाले, ‘मग आला का नाहीत वर?’

बाई खाली बघायला लागल्या. ‘उपदेश चालू असताना जागेवरून उठायचं नाही अशी पद्धत आहे आमच्याकडे,’ त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, ‘चुकलंच माझं. पद्धत मोडायला घरचं माणूस लागतं.’

पाळक दारातल्या सगळ्यांत वरच्या पायरीवर खाली बसले. ‘भावाला,’ ते म्हणाले. ‘तुम्ही विचारलंत ना. थोरल्या भावाला. पण बाई, त्यानं काही केलंच नव्हतं हो. बावीस वर्षं मी त्याला माफ करायचं ठेवून दिलं होतं, आणि त्यानं काही केलंच नव्हतं.’ बाई काठीवर भार देत, कण्हत, त्यांच्या शेजारी टेकल्या. ‘आहेत ना?’ त्यांनी विचारलं. ‘आहे.’ ‘मग मला काय सांगताय? त्यांना सांगा.’ पाळकांनी फोन काढला. दादाचा नंबर त्यात नव्हता, कधीच घातलेला नव्हता. पण दादा बाबांच्याच घरात राहत होता आणि घरचा फोन तोच होता, दिवाणखान्यातल्या कोनाड्यातला. बोटांनी आपणहून आकडे दाबले. नवं काही टिकत नव्हतं, जुनं जागचं हलत नव्हतं.

‘हॅलो,’ दादाचा आवाज आला. जरासा खरखरीत झालेला, बाकी तोच.

‘दादा.’

पलीकडे कुणीतरी वाहता नळ बंद केल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, ‘बोल.’

मला माफ कर, असं म्हणायचं होतं. वाक्य तयारही होतं. पण तोंडातून निघालं ते निराळंच. ‘दादा, मला घ्यायला येतोस का?’

दादानं का म्हणून विचारलं नाही. काय झालं विचारलं नाही. ‘कुठं आहेस?’ एवढंच म्हणाला.

पाळकांनी तोंड उघडलं. समोर रस्ता होता, पलीकडे बंद दुकानांची रांग, बसथांबा, थांब्यावर एक बाई छत्री उघडत होती. सगळं लख्ख दिसत होतं, आणि कशालाच नाव नव्हतं. सकाळी कुठल्या बसमध्ये चढलो? कुठं उतरलो? ‘दादा, मी…’ ते म्हणाले. ‘इथं एक… मला ना…’

‘बरं बरं, राहू दे,’ दादा घाईनं म्हणाला. बाबांना असाच मधे तोडायचा तो, त्यांना पुढचं वाक्य शोधावं लागू नये म्हणून. दादा घरी असला की पाळक दारातूनच परत फिरायचे, तेव्हा त्यांनी हे कितीदा ऐकलं होतं आणि दर वेळी ते मनाला लागलं होतं. ‘शेजारी कुणी आहे का? त्यांच्याकडे फोन दे.’

त्यांनी फोन नर्सबाईंच्या हातात दिला. बाई बोलू लागल्या. ‘हो… हो, चर्चच… नाही, पुलाच्या अलीकडे… छे छे, घाबरलेले नाहीत. पायऱ्यांवर बसलेत माझ्याशेजारी.’ पाळकांनी रुमालासाठी कोटाच्या खिशात हात घातला तर हाताला कागद लागला. चिठ्ठी. वर पत्ता, खाली बसचा नंबर, त्याखाली कुठं उतरायचं, सगळं एवढ्या मोठ्ठ्या अक्षरात की रस्त्यापलीकडून वाचता यावं. ते बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. काल रात्री तिनं उशाशी बसून नखाएवढ्या अक्षरांचं गीतांचं पुस्तक वाचलं होतं, बिनचष्म्याचं. हिचे डोळे चांगले आहेत. किती दिवसांपासून हिला ठाऊक आहे? कात्री आणून दिली तेव्हापासून? त्यांनी चिठ्ठी नीट घडी करून पुन्हा खिशात ठेवली. आणि तेव्हा, काही न शोधता, चौथा माणूस आला. दार वाजवणारा, दार उघडणारा, दारात उभा राहणारा, आणि चौथा घ्यायला येणारा. इतकं साधं होतं.

‘दोन बस बदलाव्या लागतील म्हणाले, तास-सव्वा तास लागेल,’ बाईंनी फोन परत दिला. ‘भले आहेत. फार बोलत नाहीत.’

‘नाही बोलत,’ पाळक म्हणाले. ‘आणखी काही म्हणाला?’

‘म्हणाले, त्याला सांगा, एकट्यानं पायऱ्या उतरू नकोस. मी आल्यावर उतरू.’

पाळकांनी मान हलवली. आत घड्याळवाल्यांनी स्टूल ओढल्याचा आवाज आला. ते घड्याळ सरळ करत होते. बाईंनी काठी दोघांच्या मधे ठेवली, आणि दोघं सगळ्यांत वरच्या पायरीवर, बसथांब्याकडे बघत बसून राहिले.